शस्त्रक्रिया तिची, निर्णय कुणाचा?

दिवाळी उलटली, भात-नागलीची कापणी आटोपली, की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरू लागतात. टोळीत जोडपी असतात, सोबत कडेवरचे मूल असते. नेमक्या याच दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रांत कुटुंबकल्याण शस्त्रक्रियांनाही वेग येतो. थंडीत जखम लवकर भरते ही रूढ समजूत आणि मार्चअखेर जुळवावयाचे आकडे, या दोहोंमुळे देशभरातच या शस्त्रक्रिया हिवाळ्यात अधिक होतात. टाके सुकल्यावर किती दिवसांनी बागेत उभे राहावयाचे, याचा हिशेब अशा वेळी घरात होतो. तिच्याऐवजी नवऱ्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत निघतच नाही.

तो का निघत नाही, याचा विचार मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या समाजाने केला पाहिजे. संततिनियमन हा विषय आजवर लोकसंख्येच्या आकड्यांपुरता किंवा डॉक्टरांच्या टेबलापुरता मर्यादित ठेवला गेला. प्रत्यक्षात विवाहित स्त्री कोणते साधन वापरते, कधी वापरते आणि वापरते की नाही, हे ठरवताना औषधाच्या गुणदोषांपेक्षा तिचे लग्नाचे वय, तिचे शिक्षण, घरातील जमीन, हातची मजुरी आणि पदरी मुलगा आहे की नाही, या गोष्टी अधिक प्रभावी ठरतात. निर्णय तिच्या शरीराविषयीचा, पण तो घेते तिची परिस्थिती. ही परिस्थिती बदलण्याचे सामर्थ्य कोणत्याही सरकारी खात्यापेक्षा कुटुंबात आणि समाजात अधिक आहे.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील दर शंभर विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ६६ जणी कोणते ना कोणते संततिनियमनाचे साधन वापरत असल्याचे आढळले. या ६६ पैकी तब्बल ४९ जणींचे साधन एकच होते, स्वतःवर झालेली शस्त्रक्रिया. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका पुरुषामागे अशा शंभराहून अधिक स्त्रिया. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी व कमी जोखमीची आहे. तिला पोट उघडावे लागत नाही, विश्रांतीही कमी लागते. सरकारकडून पुरुषाला मिळणारे अनुदानही स्त्रीपेक्षा अधिक असते. तरीही आकडा हलत नाही. त्याच सर्वेक्षणात देशातील एकतृतीयांशाहून अधिक पुरुषांनी संततिनियमन ही बायकांची बाब असून पुरुषाने त्याची काळजी करण्याचे कारण नाही, असे मत दिले. शस्त्रक्रियागृहाच्या दारात पुरुष का दिसत नाहीत, याचे उत्तर या मतात सापडते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्त्रीशस्त्रक्रियेने लक्षावधी मातांना वारंवारच्या बाळंतपणातून सोडवले, त्यांचे प्राण वाचवले, यात शंका नाही. अनेकींच्या दृष्टीने तर आयुष्यात मिळालेली ती पहिली खात्रीची मोकळीक असते. आक्षेप शस्त्रक्रियेला नाही. लग्न अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, पाठोपाठ दोन बाळंतपणे आणि पंचविशीच्या आतबाहेर कायमची शस्त्रक्रिया, या क्रमात दोन मुलांतील अंतर राखण्यासाठी एकही साधन तिच्यापर्यंत पोचत नाही, आक्षेप याला आहे. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले होते, हेही याच सर्वेक्षणातून पुढे आले. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. अशा शरीरावर वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने दुसरे बाळंतपण लादले जाते, तेव्हा आई आणि मूल दोघेही दुबळे राहतात.

पुरुष मागे कसा सरला?

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, पत्नी मालतीबाईंच्या साथीने ते चालवले आणि त्यापायी महाविद्यालयातील प्राध्यापकी गमावली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी नेटाने प्रसिद्ध केले. त्यांच्या सर्वच मतांशी सहमत होणे अनेकांना तेव्हाही जमले नाही, आजही जमणार नाही. पण स्त्रीच्या प्रकृतीचा विचार केल्याविना समाजाचे आरोग्य सुधारणार नाही, हे त्यांचे म्हणणे काळाने खरे ठरवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. शकुंतला परांजपे यांनी पुण्यात त्याच सुमारास या कामाला आरंभ करून पुढे ते खेड्यापाड्यांत नेले. स्वतंत्र भारताने तर १९५२ साली कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. असे करणारा तो जगातील पहिला देश.

या वाटचालीत पुरुष कायमच बाजूला होता असे नाही. १९७१ साली केरळातील एर्नाकुलम येथे एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली. पण १९७५ साली आणीबाणी आली आणि सक्तीने सारे चित्र पालटले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच १९७६ मध्ये संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्या पिढीने आणीबाणीविरुद्ध सत्याग्रह केला, नाशिक रोडच्या कारागृहात मिसाखाली दिवस काढले, त्या पिढीला या सक्तीची भीषणता निराळी सांगावयास नको.

१९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले, 'कुटुंबनियोजन' जाऊन 'कुटुंबकल्याण' हा शब्द आला आणि सक्ती संपली. मात्र पुरुषांच्या मनात बसलेली भीती आणि राजकारण्यांच्या मनात बसलेली मतांची धास्ती यांमुळे पुरुष नसबंदी कार्यक्रमातून जवळजवळ हद्दपार झाली. आकडे तर पूर्ण करावयाचेच होते. मग सारा भार मुकाट्याने स्त्रीकडे सरकवण्यात आला. सक्तीविरुद्ध बोलणारे पुरुष पुष्कळ होते. घराघरांत ही दुसरी, न बोलता होणारी सक्ती सुरू झाली तेव्हा बोलणारे फारसे कुणी नव्हते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात शस्त्रक्रिया शिबिरांनंतर बारांहून अधिक स्त्रिया दगावल्या, तेव्हा देश हादरला. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

पाड्यापासून कॉलेज रोडपर्यंत

नाशिक जिल्ह्यात समाजाचे सारे थर एकत्र सापडतात, म्हणून कारणांची गुंतागुंतही येथे स्पष्ट दिसते. वनवासी मजूर स्त्रीचे उदाहरण प्रथम घ्यावे. अंतर राखण्याची साधने सरकारी यंत्रणेत आज विनामूल्य उपलब्ध आहेत. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. 'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी विकसित केलेली, संप्रेरकविरहित, सर्वार्थाने स्वदेशी आहे. परंतु ही साधने सातत्य मागतात. तिचे नाव असते पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत आणि ती स्वतः असते साठ-सत्तर किलोमीटरवर निफाडच्या बागेशेजारील झोपडीत. इंजेक्शनची तारीख येते तेव्हा विरळणी किंवा काढणी ऐन भरात असते. दवाखान्यात जावयाचे तर दिवसाची मजुरी बुडते. अशा स्त्रीने एकदाच काय ते 'उरकून' टाकण्याचा मार्ग पत्करला, तर तो अज्ञानाचा परिणाम म्हणता येणार नाही. तिच्या परिस्थितीत तोच एक व्यवहार्य मार्ग उरलेला असतो.

बागायतदाराच्या घरी दारिद्र्य नसते, तेथे कारण निराळे आहे. जमीन कुणाच्या नावे जाणार आणि म्हातारपणी कुणाच्या आधाराने राहावयाचे, या दोन प्रश्नांचे उत्तर परंपरेने 'मुलगा' हेच आहे. त्यामुळे पहिल्या दोन्ही मुली असलेल्या सुनेला कोणतेही साधन वापरण्याची मुभा नसते आणि पहिले दोन मुलगे झालेल्या सुनेची शस्त्रक्रिया वेळ न दवडता होते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत समान हक्क दिला. व्यवहारात बहीण हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. गर्भलिंगचिकित्सेवर कायद्याने बंदी आणणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य, आणि त्याच महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली. हक्कसोडपत्र आणि संततिनियमन यांचा संबंध वरवर दिसत नाही, पण तो घट्ट आहे. मुलीला कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष वाटा मिळेल आणि आईबापांचा आधार म्हणून ती मानली जाईल, त्या दिवशी दोन मुलींची आई निर्धास्तपणे तिसरे बाळंतपण नाकारू शकेल. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते, हा नियमही येथे आठवावा. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. मुलाच्या हव्यासापोटी झालेल्या तिसऱ्या बाळंतपणाची किंमत सदस्यत्व गमावून पुन्हा तीच मोजते.

नाशिक शहरात, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या सुशिक्षित घरांत तरी चित्र वेगळे आहे काय? लग्ने उशिरा होतात, निरोधचा वापर अधिक आहे, एका अपत्यावर थांबणारी जोडपी वाढत आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वा खासगी कार्यालयांत नोकरी करणाऱ्या सुनेला बाळंतपणाची रजा संपल्यावर मूल कुठे ठेवावयाचे, हा प्रश्न साधनाच्या निवडीआधी सोडवावा लागतो. पाळणाघर, शाळेचे शुल्क, घराचा हप्ता या तिन्हींची बेरीज करून दुसऱ्या मुलाचा निर्णय होतो. मात्र कायमचे साधन निवडण्याची वेळ येते, तेव्हा शिकलेल्या घरातही 'सिझेरियनच्या वेळीच तिचे ऑपरेशन उरकून घेऊ' हेच वाक्य ऐकू येते. पुरुषाची नसबंदी म्हणजे पौरुषाची हानी, अंगमेहनतीची ताकद जाणे, असल्या निराधार समजुती पाड्यावर आहेत तशाच येथेही आहेत. फक्त येथे त्या उघड बोलल्या जात नाहीत.

लोकसंख्येचा प्रश्न आणि घरातील स्त्री

या विषयाला राष्ट्रीय बाजूही आहे आणि ती टाळता येणार नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या अखिल भारतीय कार्यकारी मंडळाने २०१५ साली रांची येथे केलेल्या ठरावात, भारतात उगम पावलेल्या धर्मपंथांच्या अनुयायांचे प्रमाण १९५१ मधील ८८ टक्क्यांवरून २०११ मध्ये ८३.८ टक्क्यांवर आल्याकडे लक्ष वेधले आणि सर्वांना समान लागू होणाऱ्या लोकसंख्या धोरणाची मागणी केली. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात बोलताना सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जननदर २.१ च्या खाली गेल्यास समाज क्षीण होतो, म्हणून दोनहून अधिक, म्हणजे तीन अपत्ये हवीत, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ मध्ये १.७ इतका खाली आलेला होता. चिंता निराधार नाही.

परंतु या चिंतेचे उत्तर शोधताना आकडे नीट वाचले पाहिजेत. १९९२-९३ मध्ये देशातील हिंदू स्त्रीचा जननदर ३.३ व मुस्लिम स्त्रीचा ४.४ होता. २०१९-२१ मध्ये तो अनुक्रमे १.९ आणि २.४ झाला. अंतर आहे, पण ते निम्म्याहून कमी उरले आहे. त्याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रीचा जननदर २.८ आणि बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या स्त्रीचा १.८ आढळतो, सर्वांत गरीब गटात तो २.६ आणि सर्वांत संपन्न गटात १.६ आहे. मालेगावच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या घरात जितकी मुले असतात, त्याचा उलगडा केवळ पंथाने होत नाही. लेक किती इयत्ता शिकली आणि कितव्या वर्षी तिचे लग्न झाले, हेही विचारावे लागते. लोकसंख्येचा समतोल ज्यांना खरोखर हवा आहे, त्यांनी मालेगावातील मुलगी दहावीपुढे शिकावी, यासाठी आग्रही असले पाहिजे. समान धोरणाची मागणी समान शिक्षणाच्या मागणीपासून तोडता येत नाही.

आणि तीन अपत्यांचे आवाहन जेव्हा घरात पोचते, तेव्हा ते प्रथम कुणाच्या शरीरावर पोचते, हाही विचार हवा. पंचविशीत शस्त्रक्रिया होऊन मोकळी झालेली स्त्री पुढे परिस्थिती सुधारली, अथवा दुर्दैवाने एखादे मूल गेले, तरी सहजी मागे फिरू शकत नाही. अंतर राखणारी साधने हाती असलेली, सशक्त, सुशिक्षित स्त्री मात्र तिसऱ्या अपत्याचा विचार आनंदाने करू शकते, जर नवरा घरकामात व संगोपनात वाटेकरी असेल आणि सासर तिच्या नोकरीकडे ओझे म्हणून पाहत नसेल. कमी मुले व्हावीत असे वाटणाऱ्यास आणि अधिक व्हावीत असे वाटणाऱ्यास, दोघांनाही अखेर तिच्या संमतीपाशीच यावे लागते. सक्तीने मुले थांबवणे जितके गैर, तितकेच भावनिक दडपणाने ती मागणे गैर होय.

संयमाचा खरा अर्थ

साधनांमुळे स्वैराचार वाढतो, भारतीय परंपरेचा मार्ग संयमाचा आहे, असा आक्षेप काही ज्येष्ठ मंडळी प्रामाणिकपणे घेतात. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्यास महात्मा गांधींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनीही कृत्रिम साधनांना विरोध करून संयमाचाच पुरस्कार केला होता. या भूमिकेत एक गोष्ट मोलाची आहे. संयमाची अपेक्षा त्यात प्रथम पुरुषाकडून आहे. परंपरेने सांगितलेला गृहस्थाश्रम हा दोघांचा धर्म आहे. त्यातील भोग एकाचा आणि भार दुसऱ्याचा, अशी विभागणी कोणत्याही शास्त्राला मान्य होण्याजोगी नाही. ज्या घरात पुरुष संयमही पाळत नाही, स्वतः साधनही वापरत नाही आणि वेळ आली की बायकोला शस्त्रक्रियेस पाठवतो, त्या घराने परंपरेचे नाव घेऊ नये.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत संस्कार, भोजन, भजन यांवर बोलणे होते. लग्न ठरलेल्या तरुणांशी या विषयावर एखाद्या अनुभवी डॉक्टरांनी मोकळेपणे बोलावे, अशी योजना सहज करता येईल. वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षक पाड्यांवर पोचलेले आहेत. टोळी गाव सोडते तेव्हा तिच्यातील स्त्रियांच्या इंजेक्शनच्या तारखा, गोळ्यांचा साठा आणि बागेजवळचे आरोग्य केंद्र यांची चिठ्ठी प्रत्येकीच्या हाती देणे, एवढे काम झाले तरी अनेकींची निवड बदलेल. द्राक्ष बागायतदारांत संघविचाराची घरे कमी नाहीत. आपल्या बागेतील मजूर स्त्रीला दवाखान्याच्या दिवसाची मजुरी न कापता देण्याचा प्रघात त्यांनी पाडावा; शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला पुरेशी विश्रांती मिळाल्याविना कामावर घेऊ नये. लेकीचे लग्न अठरा वर्षांआधी होत असल्याचे कळताच गावातील कार्यकर्त्याने तिच्या वडिलांना गाठावे, मग ते घर नात्यातले असले तरी.

पहिले पाऊल मात्र स्वतःच्या घरात टाकावे लागेल. संततिनियमनाची माहिती द्यावयास आशा कार्यकर्ती दारी आली, की घरातील पुरुष उठून ओटीवर जातो आणि सासू-सुना आत बोलत बसतात, असा रिवाज आहे. येत्या हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातील काही शंभर घरांत तरी पुरुषाने उठून न जाता तेथेच बसावे, ऐकावे, प्रश्न विचारावेत आणि दोन मुलांनंतर थांबावयाचे दोघांच्या विचाराने ठरले असेल, तर शस्त्रक्रियेसाठी स्वतःचे नाव पुढे करावे. त्यासाठी कोणताही कायदा नको आणि कोणतेही अनुदान नको. पत्नीला अर्धांगिनी म्हणणाऱ्या समाजाकडून एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.